कॅम्पिंगचा शिधा आणि स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबू, बूट, झोपायची पिशवी यांवर महिनाभर खल होतो आणि जेवणाचा विचार निघायच्या आदल्या रात्री होतो. खरं तर कॅम्पवरचा मूड बिघडतो तो बहुतेक वेळा पोटामुळेच. तिथे स्वयंपाक करणारा माणूस दिवसभर चालून दमलेला असतो. अंधार पडलेला असतो, वारा सुटलेला असतो, बोटं गारठलेली असतात आणि सगळ्यांना भूक लागलेली असते. त्या माणसासाठी तिथे कमीत कमी काम उरावं, हेच धरून मी खालची उत्तरं लिहिली आहेत.

आखणी कुठून सुरू करू?

पदार्थांपासून नको, जेवणं मोजण्यापासून करा. शुक्रवारी दुपारी निघून रविवारी जेवायच्या वेळेपर्यंत घरी परतणार असाल, तर तीन दिवस म्हणून नऊ जेवणांचं सामान भरलं जातं. प्रत्यक्षात लागतात पाच: शुक्रवारची रात्र, शनिवारची सकाळ, दुपार, रात्र आणि रविवारची सकाळ. एवढ्या एका हिशेबानेच पिशवी निम्मी हलकी होते.

मग प्रत्येक जेवणापुढे तीन गोष्टी लिहा: पाणी किती लागेल, आच किती मिनिटं लागेल, भांडी किती लागतील. रात्रीच्या जेवणाला वीस मिनिटांपेक्षा जास्त आच किंवा एकापेक्षा जास्त पातेलं लागत असेल, तर तो बेत मी बदलते. दुपारचं जेवण तर आच न लावताच व्हावं. भर दुपारी पाठपिशवी रिकामी करून स्टोव्ह मांडायचा आणि पुन्हा सगळं भरायचं, यात तासभर जातो आणि चालण्याची लय तुटते ती वेगळीच.

गाडी तंबूपर्यंत जाणार आहे की सामान पाठीवर न्यायचं आहे, हेही आधीच ठरवा. गाडी असेल तर आईसबॉक्स, ताज्या भाज्या, जड तवा सगळं नेता येतं. पाठीवर असेल तर प्रत्येक जिन्नस वजन करूनच आत जायला हवा.

माणशी किती सामान लागतं?

मोठ्या माणसाच्या एका जेवणाला कच्चा तांदूळ ८० ते १०० ग्रॅम, डाळ ४० ते ५० ग्रॅम. पास्ता किंवा नूडल्स असतील तर १०० ते १२५ ग्रॅम. सकाळच्या ओट्सना ५० ते ६० ग्रॅम पुरतात. चालताना खायला दिवसाला मूठ-दोन मूठ सुकामेवा आणि दाणे. एकूण कोरडा शिधा माणशी दिवसाला ७०० ग्रॅम ते १ किलोच्या दरम्यान बसतो. नुसतं बसून राहायचं असेल तर खालचा आकडा धरा. चढ, थंडी किंवा जड ओझं असेल तर वरचा.

डोळ्यांच्या अंदाजावर मात्र जाऊ नका. घरी वाटीने मोजता ती वाटी कॅम्पवर नसते. प्रत्येक जेवणाचं सामान घरीच वजन करून वेगळ्या पिशवीत बांधा. तिथे फक्त पिशवी फोडायची.

वजन कमी ठेवून पोट कसं भरायचं?

स्निग्ध पदार्थ वाढवून. एक ग्रॅम तेला-तुपातून ९ कॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांतून ग्रॅमला ४. दाणे, बदाम, अक्रोड हे १०० ग्रॅमला सुमारे ६०० कॅलरी देतात. याउलट ताजी भाजी-फळं आणि डबाबंद पदार्थ यांच्या वजनात बरंचसं पाणीच असतं. तयार ओट्समध्ये एक चमचा लोणी किंवा दाण्यांचं लोणी घातलं की सकाळची भूक दुपारपर्यंत थोपते, आणि वजन वाढतं जेमतेम १५ ग्रॅमने.

तेलाच्या बाटलीबद्दल मात्र सावध. माझी एक बाटली चढावर पिशवीत कलंडली आणि झाकणाच्या आट्यांमधून तेल झिरपत झोपायच्या पिशवीपर्यंत पोचलं. ती रात्र मी अंगावरचे सगळे कपडे घालून, तेलकट वासात काढली. तेव्हापासून तेल आट्यांच्या घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत, ती बाटली बंद पिशवीत आणि ती पिशवी पातेल्यात, असंच जातं.

कोणत्या दिवशी काय खायचं?

जे आधी नासेल ते आधी खा. मऊ फळं, पालेभाजी, मांस, दुधाचे पदार्थ पहिल्या रात्री. कोबी, गाजर, बटाटे, कांदे, सफरचंद, कडक चीज हे पुढचे दोन-तीन दिवस टिकतात. त्यानंतर कोरड्या शिध्यावर यायचं. मांस न्यायचंच असेल तर घरी गोठवून न्या म्हणजे संध्याकाळपर्यंत गार राहील, आणि वितळलं की त्याच रात्री शिजवा.

पहिल्या रात्रीसाठी मी तर घरी शिजवलेलं, गोठवलेलं जेवणच नेते. पोचायला उशीर होतोच, तंबू लावायचा असतो, जागेची ओळख नसते. अशा वेळी फक्त उकळी येईपर्यंत गरम करायचं जेवण हाताशी असणं फार मोठा आधार असतो.

घरून काय काय करून नेता येतं?

जवळजवळ सगळं. भाज्या धुऊन, पुसून, चिरून. मसाले एकत्र करून छोट्या पुड्यांत. पीठ, मीठ आणि बाकीचं कोरडं सामान आधीच मिसळून. प्रत्येक पिशवीवर पदार्थाचं नाव, किती पाणी, किती मिनिटं हे न पुसणाऱ्या पेनाने लिहा. माझ्या एका पिशवीवर असं असतं: ‘दुसरी रात्र. मसूर डाळ-तांदूळ, दोघांना. पाणी पाऊण लिटर. उकळी, मग मंद १५ मिनिटं, झाकून १०.’ ही पिशवी कोणाच्याही हाती द्या, जेवण होतं. स्वयंपाक एकाच माणसावर पडत नाही, हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

घरी वाळवणाचं यंत्र किंवा कमी तापमानाला चालणारी भट्टी असेल तर भाज्या ५५ ते ६० अंश सेल्सिअसला कडक होईपर्यंत वाळवता येतात. पातळ आणि सारख्या आकाराच्या फोडी करा. जाड फोड बाहेरून कडक दिसते आणि आत ओल राहून तिला बुरशी धरते. तेल-तुपाचे पदार्थ नीट वाळत नाहीत आणि त्यांना खवट वास येतो, म्हणून स्निग्धता नेहमी कॅम्पवर वरून घालायची.

नवा पदार्थ एकदा घरी, तोच स्टोव्ह आणि तेच पातेलं वापरून करून बघा.

आईसबॉक्स कसा भरावा?

रिकामा डबा आदल्या रात्री आतून गार करून ठेवा. कोमट डब्यात बर्फ टाकला तर पहिला बर्फ डबा गार करण्यातच जातो. जे गोठवता येईल ते गोठवूनच भरा. सुट्या तुकड्यांपेक्षा मोठी लादी हळू वितळते. पाण्याच्या बाटल्या थोडी जागा सोडून गोठवल्या तर बर्फही होतो आणि वितळल्यावर प्यायचं पाणीही.

कच्चं मांस वेगळ्या घट्ट डब्यात, सगळ्यात तळाशी. त्याचा थेंबही दुसऱ्या कशाला लागता कामा नये. पेयांचा डबा वेगळा ठेवा, कारण तो दिवसातून वीस वेळा उघडला जातो. जेवणाचा डबा फक्त जेवणाच्या वेळी उघडायचा. डबा सावलीत, जमिनीपासून थोडा वर आणि ओल्या कापडाने झाकलेला असू दे.

आत एक साधा थर्मामीटर ठेवाच. ५ अंशांच्या वर गेलं की नाशवंत पदार्थांचं घड्याळ सुरू होतं.

रात्रीचं उरलेलं सकाळी खाल्लं तर चालेल का?

गारव्याची सोय नसेल तर नाही. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. या पट्ट्यात अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

भाताबद्दल मुद्दाम सांगते, कारण भात निरुपद्रवी वाटतो. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. शिजलेला भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी भात पुन्हा कडकडीत गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही. ‘गरम करून घेऊ’ हा उपाय इथे लागू पडत नाही. मोजून शिजवा, उरू देऊ नका, उरलंच तर खाऊ नका. कॅम्पवर उलट्या-जुलाब म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं, आणि मदत लांब असते.

पाणी किती लागेल आणि शुद्ध कसं करू?

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ४ ते ५ लिटर धरा. ऊन किंवा मोठी चाल असेल तर त्याहून जास्त. पाणी पाठीवरून न्यायचं असेल तर लक्षात ठेवा, एक लिटर म्हणजे एक किलो. त्यामुळे वाटेत पाणी कुठे आहे ते आधी कळल्याशिवाय कोरड्या शिध्याचा बेत पक्का करू नका. कोरडं अन्न हलकं असतं खरं, पण त्याला पाणी तिथेच लागतं.

सगळ्यात भरवशाचा मार्ग उकळण्याचा. पाण्याला खळखळून उकळी आली की पूर्ण एक मिनिट ठेवा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. गढूळ पाणी आधी स्वच्छ कापडातून गाळून घ्या. सोबत नेण्याचे फिल्टर, छिद्रं ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतील तर, जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतात, पण विषाणू त्यांतून निसटतात. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या विषाणूंवर चालतात, मात्र क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मारायला त्यांना सुमारे चार तास लागतात. वस्तीच्या किंवा गुरांच्या खालच्या अंगाचं पाणी असेल तर मी सरळ उकळते.

गॅस किती न्यावा?

छोट्या कॅनिस्टर स्टोव्हवर (गॅसच्या छोट्या डब्यावर, म्हणजे कॅनिस्टरवर चालणाऱ्या) एक लिटर पाणी उकळायला साधारण १२ ते २० ग्रॅम गॅस जातो. वारा आणि थंडी असेल तर वरचा आकडा धरा. दोघांना दिवसाला तीन लिटर पाणी उकळायचं असेल तर ३६ ते ६० ग्रॅम. म्हणजे २३० ग्रॅमचा एक कॅनिस्टर तीन दिवस नीट पुरतो. पण हा हिशेब नुसत्या उकळण्याचा आहे. डाळ-तांदूळ शिजवत बसलात तर तो कोलमडतो.

गॅस वाचवायचे उपाय साधे आहेत. पातेल्यावर झाकण ठेवा. डाळ, तांदूळ, ओट्स आधी भिजवा. शेवटच्या तासाच्या चालीत बाटलीत भिजत घातले तरी फरक पडतो. उकळी आली की पाच मिनिटांनी आच बंद करून पातेलं जाड टॉवेलमध्ये किंवा जाकिटात गुंडाळा आणि वीस मिनिटं हात लावू नका. तांदूळ, मसूर, पास्ता आतल्या उष्णतेवर शिजतात.

वाऱ्याला आडोसा करा, पण बर्नर थेट कॅनिस्टरवर बसत असेल तर चारी बाजूंनी पत्रा लावू नका. उष्णता आत कोंडून कॅनिस्टर तापतो आणि स्फोटाचा धोका असतो. वाऱ्याच्या दिशेला एखादा दगड किंवा पाठपिशवी थोड्या अंतरावर ठेवली तरी पुरतं.

कडाक्याच्या थंडीत कॅनिस्टर भरलेला असूनही ज्योत मरगळते. कॅनिस्टरमधल्या वायूंपैकी ब्युटेन उणे ०.५ अंशाच्या खाली वायुरूप होतच नाही, आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत टिकतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. थंडीत प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण घ्या आणि कॅनिस्टर रात्री झोपायच्या पिशवीत सोबत ठेवा.

चूल पेटवली तर?

जिथे परवानगी आहे आणि आधीची चुलीची जागा आहे, तिथेच. कोरडा हंगाम असेल किंवा जोराचा वारा असेल तर नाही. सरपण जमिनीवर पडलेलं, मनगटापेक्षा बारीक, हाताने मोडणारं घ्या. उभ्या झाडाला हात लावू नका. स्वयंपाक ज्वाळेवर करायचा नसतो, निखाऱ्यांवर करायचा असतो, म्हणून जेवणाच्या पाऊण तास आधी पेटवा. निघताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेला हात लावता येईपर्यंत थांबा. पाऊस आला तर चूल पेटणारच नाही, तेव्हा स्टोव्ह सोबत हवाच.

उंचावर डाळ का शिजत नाही?

जसजसं वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. अंदाजे दर ३०० मीटरला एक अंश घटतो. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं. आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, फक्त वाफ होऊन गॅस संपतो.

हे मला पुस्तकात माहीत होतं. तरी एकदा साडेतीन हजार मीटरवरच्या कॅम्पला मी साल काढलेली साधी डाळ घेऊन गेले, न भिजवता. तासाभराने चमच्यावर दाणा घेऊन चेपला. बाहेरून फुगलेला, आत खडूसारखा पांढरा ठिपका. पुन्हा पाणी घातलं. आणखी अर्ध्या तासाने ठिपका तसाच होता आणि ज्योत निळ्याची पिवळी होऊन फडफडायला लागली. शेवटी चौघांनी ती डाळ तशीच चावून खाल्ली. सगळ्यात धाकट्या मुलाने न बोलता वाटी खाली ठेवली. ते आजही टोचतं, कारण दिवसभर तो कुरकुर न करता चालला होता.

आता उंचावर फक्त मसूर, पातळ नूडल्स, ओट्स किंवा घरी शिजवून वाळवलेली डाळ. राजम्याच्या वाटेला तर जाऊच नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते जायला राजमा भिजवून, ते पाणी टाकून, चांगला खळखळ उकळावा लागतो. कमी तापमानात अर्धवट शिजलेला राजमा पोट पार बिघडवतो. हवाच असेल तर घरी पूर्ण शिजवून न्या.

पाऊस पडतोय. तंबूत स्टोव्ह लावू का?

नाही. दार उघडं ठेवूनही नाही. तंबूचं कापड काही सेकंदांत पेटतं, आणि जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते, आणि दमलेला माणूस त्याला थकवा समजतो. विझत आलेले निखारे ऊब मिळावी म्हणून आत घेणंही तितकंच जीवघेणं आहे. पावसासाठी एक ताडपत्री आणि दोरी न्या, तंबूपासून दूर उंच ताणून बांधा आणि तिच्या कडेला स्वयंपाक करा. तेही जमत नसेल तर त्या दिवशीचं जेवण गार खा. म्हणूनच आच न लागणारं एक जेवण नेहमी जवळ हवं.

भांडी किती?

दोघांना दीड लिटरचं झाकणाचं एक पातेलं, माणशी एक खोल वाटी, एक पेला, एक चमचा. एक सुरी. पकड. चौघांच्या वर असाल तर दुसरं पातेलं.

कोणाला ॲलर्जी असेल तर?

निघण्याआधी प्रत्येकाला स्पष्ट विचारा. सुकामेवा आणि दाणे हे कॅम्पच्या खाण्यात सगळीकडे असतात आणि त्यांचीच ॲलर्जी गंभीर असू शकते. तसं कोणी असेल तर तो पदार्थ कोणीच न आणणं उत्तम, कारण चालताना हात, पिशव्या, बाटल्या सगळ्यांच्या एक होतात. त्या व्यक्तीचं औषध कुठल्या खिशात आहे हे सगळ्यांना माहीत हवं. तान्ही बाळं सोबत असतील तर एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका, चव म्हणूनही नाही.

प्राण्यांपासून अन्न कसं सांभाळायचं?

तंबूत अन्नाचा कणही ठेवू नका. टूथपेस्ट, साबण, वासाची मलमंही त्यातच मोजा. उंदराला एक बिस्किट पुरतं, तो त्यासाठी तंबू कुरतडतो. स्वयंपाकाची आणि अन्न ठेवण्याची जागा तंबूपासून ६० मीटरवर असू दे. अस्वलांचा वावर असलेल्या भागात तिथल्या नियमांप्रमाणे कडक, बंद डबाच वापरा. प्राण्यांना मुद्दाम खाऊ घालणं मला मुळीच पटत नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेला प्राणी धीट होतो, आणि शेवटी जिवाने जातो तो प्राणी.

भांडी कुठे घासायची, कचऱ्याचं काय?

झऱ्यात किंवा नदीत नाही. निसर्गात विघटित होतो असं लिहिलेला साबणसुद्धा थेट पाण्यात जाता कामा नये, त्याचं विघटन व्हायला माती लागते. पाणी भांड्यात घेऊन ६० मीटर दूर जा. आधी भांडं चमच्याने आणि कागदाने पुसून घ्या, मग थोडं गरम पाणी आणि साबणाचा एक थेंब. ते पाणी गाळून अन्नाचे कण कचऱ्याच्या पिशवीत टाका आणि पाणी लांबवर पसरून शिंपडा. साली, बिया, अंड्यांची टरफलं सगळं परत न्या. केळ्याचं साल कुजेल म्हणून लोक सहज टाकतात, पण ते कुजेपर्यंत प्राण्यांना तिथे यायची सवय लागते.

जेवणाआधी हात साबण-पाण्याने धुवा. जंतुनाशक जेल कामाचं आहे, पण नोरोव्हायरससारख्या पोटाच्या काही विषाणूंवर ते कमी पडतं.

हमखास काय विसरतं?

मीठ, काडेपेटी किंवा लायटर, डबा उघडायचं साधन, पातेल्याची पकड, कचऱ्याच्या पिशव्या आणि भांडी पुसायचं फडकं. मी लायटर दोन नेते, वेगवेगळ्या पिशव्यांत.

जास्तीचं जेवण न्यावं का?

हो, एक पूर्ण जेवण सगळ्यांना पुरेल एवढं, आच आणि पाणी न लागणारं: दाणे, सुकामेवा, कडक बिस्किटं, चॉकलेट. ते वेगळ्या पिशवीत बांधून तळाशी ठेवा आणि ‘मधे हात लावायचा नाही’ हे सगळ्यांना सांगा. वाट चुकली, नाल्याला पाणी चढलं, कोणाचा पाय मुरगळला, तर ती पिशवी उघडायची. नाही उघडली तर परतीच्या वाटेवर, शेवटच्या तासात, मुलांना वाटून टाकायची.